चटणीचा हंगाम आणि रशियाची राणी

“पंखा बंद कर! अगं ए, पंखा बंद कर म्हणतोय न्हवं! बादशा उडाला! दाढीवाला बादशा मिरच्यात गेला!”

एवढं बोंबलायला घराला आग लागली नव्हती. चैत्रातली दुपार होती. सकाळी गच्चीवर तापवलेल्या मिरच्या देठं खुडायला मी खाली आणून जुन्या लुगड्यावर पसरल्या होत्या. खोलीच्या उरलेल्या अर्ध्या भागात, धुतलेल्या धोतरावर, आमच्या ह्यांच्या रशियाच्या नोटा वारा खात पडल्या होत्या. मधून जायला मांजराला पुरेल एवढी वाट. घामानं माझा जीव नुसता उकडून निघाला होता. मी पंख्याचं बटण दाबलं आणि रशियाचं साम्राज्य दुसऱ्यांदा कोसळलं.

दाढीवाला बादशहा म्हणजे झारच्या काळातली पंचवीस रुबलची नोट. ती मिरच्यांच्या ढिगातून बाहेर काढेपर्यंत हे तीनदा शिंकले, मी सातदा, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो बादशहासुद्धा एकदा शिंकला. नोट नंतर भिंगातून बघितली तर दाढी थोडी विस्कटलेलीच दिसत होती. ज्याला खोटं वाटतं त्यानं घरी येऊन बघावं.

परवा पुन्हा तसाच चैत्र आला. सून म्हणाली, आई, चटणी आता पाकिटात मिळते, कशाला जीव काढता? मी तिला म्हटलं, पाकिटात चटणी मिळत असेल बाई, चटणीचा हंगाम कुठल्या पाकिटात मिळतो?

इतरांचे ऋतू सहा. कोल्हापूरला सातवा असतो, तो चटणीचा. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि थोडी लवंगी शेजाऱ्यांना. गल्लीगल्लीत खोबरं भाजल्याचा, तीळ तडतडल्याचा, कांदा तळल्याचा वास एकमेकांच्या घरात न विचारता शिरतो. डंकावर, म्हणजे जिथं मिरची कांडून मिळते तिथं, पाट्या घेऊन बायका बसलेल्या असतात आणि लोखंडी मुसळं धाडधाड आपटत असतात. तिथं कुणी कुणाशी बोलत नाही, सगळ्या ओरडतात. एका वर्षी मिरची इतकी जहाल निघाली, की डंकावरून चाललेली वरात शिंकत शिंकतच मांडवात पोचली. भटजींनी मंगलाष्टकं दोन शिंकांच्या मधल्या जागेत बसवली. नवरी रडत होती ती सासरी जायचं म्हणून की मिरचीनं, हे तिच्या आईला अजून ठाऊक नाही. मी त्या लग्नात जेवले आहे, म्हणून सांगते.

आणि ह्याच हंगामात, हवेत ओल नसते म्हणून, आमचे हे आपल्या नोटांना वारा द्यायचे. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. सगळी चंदगडची गाडी त्यांना मास्तर म्हणायची, सगळा डेपो म्हणायचा, मग मी एकटीनं वेगळं काय म्हणायचं? मीही मास्तरच म्हणते. नवऱ्याला नावानं हाक मारायचा प्रश्नही मिटला.

ह्या खुळाची सुरुवात चंदगडच्याच गाडीत झाली. बाहेर धो धो, आतले दिवे गेलेले, माणसं पोत्यात काजू भरल्यासारखी. कुणा पावण्यानं अंधारात हातात नोट कोंबली. मास्तरांनी सवयीनं तिची उभी घडी घातली, बोटांच्या बेचक्यात खोवली, तिकीट फाडलं आणि वर सुट्टे पैसेही दिले. डेपोत आल्यावर कॅशियरनं ती नोट दिव्यासमोर धरली. नोटेवर दोन डोक्यांचं पाखरू. आपल्याकडं दोन डोक्यांचं पाखरू म्हणजे गंडभेरुंड, ते कर्नाटकाचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

“मास्तर, ही कर्नाटकाची नोट हाय,” कॅशियर म्हणाला. “निपाणी डेपोला जावा, तिथं घेतील.”

कर्नाटकाची वेगळी नोट नसते हे दोघांच्याही लक्षात यायला एक चहा लागला. पुढं कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, की ही रशियाच्या झारची. ते राज्य बुडालं, झार गेला, नोट तेवढी राहिली. चंदगडच्या पावण्याकडं ती कुठून आली हे तो पावणाच जाणे. मास्तरांना मात्र एकच गोष्ट लागून राहिली. एवढं मोठं राज्य बुडताना जी नोट सरळ राहिली होती तिची उभी घडी मी घातली, म्हणाले. ती घडी नोटेला पडली ती पडलीच, माणसाच्या काळजालाही पडली. त्या दिवसापासून घरात घडी ह्या गोष्टीला बंदी आली. रुमालाचीसुद्धा घडी घालताना मी दार लावून घ्यायची.

मग झार आमच्याकडं राहायलाच आला. रविवारच्या जुन्या बाजारातून एक, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पोस्टानं एक, कुणा माजी सैनिकाच्या ट्रंकेतून एक. बिड्या सुटल्या, पान सुटलं, सगळं रशियाला गेलं. ठेवायचं कुठं? तर आमच्या लग्नाच्या अल्बमात. काळ्या जाड पानांचा, मधे जाळीदार पातळ कागद असलेला अल्बम. आमचे फोटो निघाले आणि प्लास्टिकच्या पिशवीत गेले. अंतरपाट होता तिथं दाढीवाला आला, सप्तपदीवर दहाची नोट बसली. आणि आमचा दोघांचा जोडीचा फोटो होता ते पान मास्तरांनी मोकळं ठेवलं. खाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘राणी’.

ती राणी म्हणजे शंभर रुबलची नोट. वीतभराहून लांब. अंगावर घेतली तर उपरणं व्हावं. तिच्यावर रशियाच्या एका जुन्या राणीचं चित्र, भरल्या गालांची, डोक्यावर मुकुट. मास्तरांनी ती फक्त व्यापाऱ्याच्या छापील यादीत बघितली होती, पण बोलायचे असे की जणू कागलच्या बाजारात रोज गाठ पडते. मला तर ती सवतच झाली. जेवताना ‘राणी’, झोपताना ‘राणी’. एकदा भाकरी थापताना मी म्हटलं, “येऊ दे घरी तुमच्या राणीला. आल्याआल्या मिरच्यांची देठं खुडायला बसवते.” मास्तर गंभीरपणे म्हणाले, “तिला जमायचं न्हाय. हातमोजे असत्यात त्यांच्यात.”

असं ते खूळ. हसायचं काय ते मी हसून घेतलं. पण संध्याकाळी गाडीवरून येऊन, हात साबणानं दोनदा धुऊन, ते मोकळं पान उघडून माणूस बसून राहायचा, तेव्हा मला हसू यायचं नाही. आपल्याकडं काय काय नाही ह्याची यादी गरिबाला पाठ असते. त्यातलं एकच काहीतरी तो निवडतो आणि त्याच्यासाठी झुरतो. बाकीच्याला मग तो हसू शकतो.

आनसाक्का भेटल्या त्या अशाच एका हंगामात, डंकावर. त्यांची लेक आमच्या गल्लीत दिलेली. तिची चटणी करायला म्हातारी वळिवड्याहून आली होती. माझे हात लवंगीनं पेटले होते, मी फुंकर घालत बसले होते.

“पाण्यात घालू नगंस!” म्हातारी मुसळांच्या वर आवाज काढून ओरडली. “पाण्यानं आणि भडकंल. लोणी लाव. न्हाय तुझ्याकडं? शुक्करवारी माझ्याकडं ये. म्हशीचं देतो.”

होय, ‘देतो’. बायकासुद्धा तशाच बोलतात आमच्याकडं, आणि म्हशी त्याला होकार देतात.

वळिवडं कोल्हापूरला लागूनच. दुसऱ्या महायुद्धात तिथं पोलंडच्या निर्वासितांची मोठी छावणी होती. बायका, पोरं, म्हातारीकोतारी. रशियातून हाल काढत काढत आलेली. आनसाक्का तेव्हा नवी नवरी, छावणीत दूध घालायची. हे मला ठाऊक नव्हतं. मी लोण्यासाठी गेले. म्हातारीनं माझ्या दोन्ही हातांवर लोण्याचे गोळे ठेवले, वरून म्हणाली, “देवीच्या पाया पड जा आत.”

हात जोडायची सोय नव्हती, म्हणून मान वाकवली आणि वर बघितलं. देव्हाऱ्यात अंबाबाईच्या शेजारी, जोतिबाच्या वर, लाकडी चौकटीत, झेंडूची माळ घालून माझी सवत बसली होती.

तेच गाल. तोच मुकुट. कपाळाला कुंकू. एक नव्हे, दोन. आधी बरीच वर्षं म्हातारीनं कागदावरच लावलं होतं, मग मुलानं चौकट करून दिली तेव्हा काचेवर लावायला लागली. जुनं आतलं आणि नवं बाहेरचं जरा मागंपुढं झालं होतं, त्यामुळं राणी थोडी चकणी दिसत होती. रशियाचा इतिहास सांगतो, की ह्या बाईनं नवऱ्याला स्वतःच गादीवरून खाली ओढलं होतं. वळिवड्यानं तिला कायमची सुवासीण करून टाकली होती.

“ही कुठली देवी, आक्का?”

“छावणीतल्या गोऱ्या मारीनं दिली, जाताना. लई पावती. म्हस आटली की हिला सांगायचं.”

घरी येऊन मास्तरांना सांगितलं तर त्यांच्या हातातला चहा सांडला. “घडी हाय?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, घडी नाही. मग उभ्या महाराष्ट्रात कुठल्याही कंडक्टरनं बायकोकडं जसं बघितलं नसेल तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

त्या शुक्रवारी मास्तर माझ्याबरोबर आले. बोलायचं सगळं पाठ करून आले होते. आक्का, ही देवी नाही, ही नोट आहे, तिच्याबदल्यात अंबाबाईची चांदीच्या पत्र्यातली तसबीर देतो, असं काहीतरी. देव्हाऱ्यासमोर उभे राहिले. तोंड उघडलं. तेवढ्यात आक्कांनी त्या उघड्या तोंडात चिमूटभर साखर घातली. म्हणाल्या, “पाया पड बाबा. काय मागायचं ते माग.” मास्तरांनी साखर गिळली, भाषण गिळलं आणि हात जोडले.

पुढं महिनाभर दर शुक्रवारी आम्ही जात होतो. मास्तर इतकी भक्ती करत होते की अंबाबाईला राग आला असेल. रुमालात भिंग दडवून न्यायचे, नाक काचेला टेकवायचे, डोळे मिटायच्या ऐवजी फाडायचे. आक्का पदरानं डोळे पुसायच्या. “असा भाविक माणूस एसटीत घावायचा न्हाय,” म्हणायच्या.

मग एका गुरुवारी त्यांच्या कातडी पिशवीत मला रंगीत झेरॉक्स सापडली. तेव्हा कोल्हापुरात ती नवीनच आली होती. यादीतलं राणीचं चित्र, बरोबर मापात वाढवलेलं.

“हे काय हो?”

“अदलाबदल.”

“चोरी म्हणत्यात त्याला.”

“चोरी कशी? म्हातारीला मोतीबिंदू हाय. देवी तिची तिथंच ऱ्हाती. नोट तेवढी येती. भक्ती काय कागदाच्या वयावर असती व्हय?”

“मग झेरॉक्स तुम्हीच लावा की अल्बमात. चष्मा तुम्हालाबी हाय.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. पण झेरॉक्स पिशवीतून निघाली नाही, हे मी बघून ठेवलं.

शुक्रवारी आक्का स्वतःहून म्हणाल्या, “मास्तर, माझं हात कापत्यात. तेवढी देवीची काच आतनं पुसून दे की.” आणि धारेची वेळ झाली म्हणून गोठ्यात गेल्या. मी उंबऱ्यावर, हातांवर लोणी घेऊन. मास्तर पाटावर, मांडीवर चौकट घेऊन. शेजारी कातडी पिशवी उघडी.

मागचे खिळे वाकवले. पाठ निघाली. उदबत्तीचा, धुराचा, जुन्या कागदाचा वास खोलीत आला. राणी बाहेर आली. मी गोष्टी वाढवून सांगते हे कबूल आहे, पण पुढचं वाढवायची गरज नाही. ज्या हातांनी आयुष्यभर नोटा उभ्या दुमडल्या ते हात आता तिला तळव्यांवर तोलून होते, तान्हं मूल धरल्यासारखे. त्यांनी ती उलटी केली. मागं दोन डोक्यांचं पाखरू. आणि राणीच्या कपाळाच्या जागी, पाठीमागपर्यंत झिरपलेला एक लाल ठिपका. एका कडेला कसर लागायला सुरुवात झाली होती.

गोठ्यातून आक्का म्हशीला सांगत होत्या, “थांब बाई, हालू नगंस. देवीची आंघोळ चाललीया.”

मास्तरांनी पिशवीत हात घातला. झेरॉक्स काढली. माझ्या हातावरचं लोणी पातळ होऊन कोपरापर्यंत आलं. मला ओरडायचं होतं. माझ्यासारख्या बाईला, जिचा आवाज डंकावर ऐकू येतो, तिला ओरडता आलं नाही.

त्यांनी झेरॉक्स गादी अंथरावी तशी राणीच्या पाठीमागं घातली. खिशातून लवंगा आणि कडुलिंबाचा वाळका पाला काढला, नोटांच्या कसरीसाठी नेहमी जवळ असायचा तो, आणि कोपऱ्यात ठेवला. पुढं राणी, मागं तिची सावली. पाठ लावली, खिळे वळवले, काच पुसली, चौकट जागेवर ठेवली, आणि हात जोडून उभे राहिले. आक्का आल्या तेव्हाही तसेच उभे होते.

परतीच्या गाडीत मी विचारलं, “का हो?”

मास्तर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “संग्रहात ठेवायची म्हंजे आधी डाग काढाय लागतोय. बाईच्या कपाळाचं कुकू पुसायचं कुणी?”

त्यांच्या हातात तिकीट होतं. त्याची त्यांनी उभी घडी घातली. बऱ्याच दिवसांनी.

त्या रविवारी मी मिरच्या खुडत होते. अल्बम उघडा होता. पेन्सिलीनं लिहिलेलं ‘राणी’ तसंच होतं. पण पान मोकळं नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीतून निघून आमचा जोडीचा फोटो तिथं येऊन बसला होता. मुंडावळ्या लावलेली, घाबरलेली, अजून आवाज न फुटलेली मी. पंखा चालू होता, तो मी आपणहून उठून बंद केला.

तेव्हापासून दर चैत्रात पहिली चटणी वळिवड्याला जाते. मला वाटतं, नोटेचं माणसासारखंच असतं. जिथं चालायची तिथं ती चालेनाशी होते, राज्य जातं, राजा जातो. मग कुणीतरी परक्या गावात तिला भिंतीला जागा देतं, तिला नैवेद्य दाखवतं, तिच्याशी म्हशीचं दुखणं बोलतं. ज्या साम्राज्याचं नावही आक्कांना घेता आलं नसतं, त्याची शंभराची नोट आमच्या बाजूला सगळ्यात जास्त चालली. म्हशी व्याल्या तिच्यावर.

मास्तर निवृत्त झाले. आता गुडघ्यांमुळं त्यांचं वळिवडं कमी झालं, मी एकटी जाते. गेल्या हंगामात चटणीचा डबा घेऊन गेले, तर आक्कांच्या नातवाच्या चेंडूनं चौकटीची काच फुटलेली. आक्का जमिनीवर बसलेल्या. राणी त्यांच्या मांडीवर, आणि मागून घसरलेली झेरॉक्स दुसऱ्या मांडीवर. एकीच्या कपाळी कुंकू, दुसरीचं कपाळ मोकळं.

“ही धाकटी कधी आली गं?” आक्का म्हणाल्या. बोटानं कुंकू घेऊन दुसरीलाही लावलं.

मला राहवलं नाही. “आक्का, राग मानू नगासा. पण ही देवी न्हवं. ही नोट हाय. रशियाची.”

“म्हाईत हाय की.”

मी डबा खाली ठेवला.

“मारीनंच सांगितल्यालं,” आक्का काचा गोळा करत म्हणाल्या. “ही आमच्या आज्याची नोट, आता चालत न्हाय म्हणाली, आठवणीला ठेव. तिचा मालक लढाईत हरवल्याला. दर शुक्करवारी मी तिला कुकू लावायचो, ती लावून घ्यायची. आगगाडीत बसून गेली. मग शुक्करवार आला. कुणाला लावू?”

बाहेर म्हैस रेकली. नातू चेंडू मागायला दारात येऊन, आजीचा चेहरा बघून परत गेला. मला मास्तर दिसत होते, आधी नाक काचेला टेकवून, रुमालात भिंग दडवून, आणि नंतरची सगळी वर्षं म्हातारीचा देव मोडू नये म्हणून भक्ती करणारे. आक्कांना सगळं ठाऊक होतं, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

“मग आक्का,” मी म्हटलं, “इतकी वर्षं मास्तरांना का सांगितलं न्हाईसा?”

आक्कांनी डब्याचं झाकण उघडलं, चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, आणि झाकण परत लावलं.

“ते हात जोडून हुबं ऱ्हायाचं,” म्हणाल्या. “कसं सांगायचं?”